अर्चनाच्या अंगठीला मिरर फिनिश

५ मे, सोमवार. सकाळी ६.१०
अर्चनाने कैरीचं लोणचं कालवायला घेतलं म्हणून अंगठी काढून खिडकीत ठेवली. दहा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिली. लग्नातली, प्लॅटिनमची, जोडीतली. शी! करडी पडलेली, नुसते ओरखडे. आणि मी कोण? बोईसरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिनिशिंगचा क्वालिटी इन्स्पेक्टर! आरशासारखं पातेलं नसेल तर परत पाठवतो, आणि माझ्याच घरात हा माल?
१८ तारखेला लग्नाचा दहावा वाढदिवस. संकल्प: तोवर अंगठी नव्यासारखी. खिशात टाकली.

संध्याकाळी ७
रीतसर तपासणी. ओरखडे सत्तावीस, पोचा एक. नमुना म्हणून कपाटातून माझी अंगठी काढली. एक रेघ नाही! (कारखान्यात अंगठी घालायला बंदी आहे. सुट्टीच्या दिवशी राहून जातं.) वस्तू कशी जपावी हे अर्चनाने माझ्याकडून शिकावं.

६ मे, मंगळवार
अर्चनाने अंगठी कुठे विचारलं. सुरक्षित ताब्यात आहे म्हणालो. ती म्हणाली, अहो, तिला काही करू नका, मला तशीच आवडते. म्हणजे, ‘करा’. दहा वर्षांत एवढं तर कळायला लागलंय.
टूथपेस्टने घासली. फरक शून्य. वास उत्तम.

९ मे, शुक्रवार. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी
पालघरला विपुलशेठ सराफांकडे. त्यांनी भिंगातून बघत व्याख्यानच दिलं. सोनं घासलं की झिजतं. प्लॅटिनमवर ओरखडा पडला तर धातू फारसा जात नाही, बाजूला सरकतो. ते काळं पडत नाही, वापरून वापरून मऊसर करडं होतं. काही गिऱ्हाइकं ते तसंच ठेवतात म्हणे. चमक हवीच असेल तर गुळगुळीत हत्याराने सरकलेला धातू दाबून जागेवर बसवायचा, मग प्लॅटिनमसाठी राखलेल्या चाकावर हळूहळू पॉलिश. आठ दिवस लागतील.
निघताना विचारलं, बाईंना हवंय ना पण? याचा इथे काय संबंध! सराफाला फिनिशिंगमधलं काय कळतं? स्वतः करणार.

१२ मे, सोमवार. दुपारी १
जेवणाची सुट्टी. बफिंगवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, झिपरू. मासवणहून येतो, सोळा वर्षं हेच काम. म्हणाला, साहेब, हे चाक पातेल्याचं हाय, अंगठीचं नाय, उडंल ती. त्याला आठवण करून दिली की इन्स्पेक्टर कोण आहे.

१.१०
उडाली.

१.३०
लोहचुंबक आणलं. झिपरू म्हणाला, त्याला आपलं पातेलंबी चिकटत नाय. मुद्दा नोंदवून घेतला. घाम फुटलाय. उकाडा.

३.०५
सापडली! बफच्या भुशाच्या ढिगात. झिपरूने चाळणीने चाळून काढली. मार्गदर्शन माझं. चार नवे ओरखडे. आता माघार नाही!

१५ मे, गुरुवार
विजय! तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत उभा होतो. पोचा हट्टी निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत घासलं. कडा गोल झाल्या, पण ती डिझाइनमधली सुधारणा समजावी. दोन्ही अंगठ्या शेजारी ठेवल्या. माझी कुठली ते ओळखूच येईना! शेवटी आकारावरून ओळखली.
झिपरूला दाखवली. बघून म्हणाला, पातेल्यासारखी झाली. याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

१८ मे, रविवार. सकाळी ७
रजा टाकली आहे. मोगऱ्याचा गजरा आणला. मुरबे गावच्या कोळिणीकडून पापलेट. अर्चना रडेल बहुतेक. रुमाल इस्त्री करून ठेवला.

दुपारी २
अर्चनाने अंगठी उजेडात धरली. फिरवून फिरवून पाहिली. मी म्हणालो, मिरर फिनिश! तिने विचारलं, पोचा कुठे गेला? मी अभिमानाने सांगितलं, काढला.
ती हळूच म्हणाली, प्रतीक्षाच्या जन्माच्या वेळी कळा सोसताना पलंगाची लोखंडी दांडी धरली होती, त्याचा होता तो. मला माहीत नव्हतं. मी तेव्हा सेकंड शिफ्टला होतो. ऑडिट होतं.
म्हणालो, विपुलशेठना विचारतो, परत करता येईल. ती म्हणाली, काय परत करणार?

दुपारी ४
अर्चना चिडली नाही. चिडली असती तर समजूत घालता आली असती. तिने कपाट उघडलं, माझ्या अंगठीची डबी काढली, तिची शेजारच्या खाचेत बसवली. म्हणाली, आता दोन्ही सारख्याच दिसतात, न वापरलेल्या. डबी मिटली आणि पापलेट तळायला गेली.
मी डबी उघडून माझी घालून पाहिली. बोटाच्या पेरापुढे जात नाही.