मी तुमची माय नव्हते

बाबा, तुम्ही मला कधी एक थापड मारली नाही, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीबवान पोरगी! पण मी या घरात पोरगी नव्हतेच. आजीला तिरडीवर ठेवण्याआधी तुम्ही तिच्या कानामागं काजळाचं बोट लावलं होतं, परत आली तर ओळखू यावी म्हणून. वर्षाच्या आत मी जन्मले, कानामागं काळा डाग घेऊन. झालं! "माही माय आली" म्हणत तुम्ही गावभर गूळ वाटला.

मग भाकरीचा पहिला तुकडा मला. आजी वांगं खात नव्हती, म्हणून मलाही वांगं नाही. एकदा मी मुद्दाम दह्याचं गाडगं फोडलं आणि तुमच्यापुढं उभी राहिले, आता तरी बाप ओरडेल म्हणून. तुम्ही हात जोडले. "काहून रागावली वं माय? काय चुकलं माहं?" मला रडूच फुटलं.

आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या सुमारास आमच्या बाईंनी, हिला पुढं शिकायला वाशीमला पाठवा, म्हणून तुमच्या विनवण्या केल्या. मी पेटी भरून ओसरीवर बसले आहे. तुम्ही ओसरीच्या पायरीवर आडवे बसता. "मायले घराबाहेर काढू का मी? लोकं तोंडात शेन घालतीन." पेटी आईनं आत नेली. पुढं जावईही तुम्ही गल्लीतलाच पाहिला.

आईनं नंतर सांगितलं. आजीला एकदा केनवडला भावाकडं जायचं होतं. "कापूस वेचून झाला की नेतो" म्हणत तुम्ही तिला थांबवलं, आणि ती त्या वेचणीतच गेली. ते तुम्हाला जन्मभर खात राहिलं. आणि पुन्हा तेच केलंत, माझ्यासोबत! कमाल आहे बाप्पा तुमची.

शेवटच्या दुखण्यात माझ्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही विचारलं, "माय, तुले जाऊ नाही देल्लं. माफ केलं ना?" मी तुमच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं, "केलं रे बाळा." तुम्ही निवांत डोळे मिटले.

आता माझा लेक विचारतो, "माय, तुले बोट कुठं लावाचं?" मी म्हणते, "हात तर लावून पाह्य!"

हा कागद पाठवू कुठं? तुम्हीही कोणाच्या तरी घरी लेकरू होऊन खेळत असाल. पण खरं ते लिहून ठेवते. त्या दिवशी माफ केलं, ते केनवडचं. वाशीमचं अजून केलेलं नाही.