अर्थातच मॅडम, लगेच

२ जून
नव्या मॅनेजरांनी आज फ्रंट डेस्कच्या सगळ्यांना बोलावून घेतलं. या सीझनला फ्रेंच ग्रुप येणार. महिनाभर क्लास. ज्याला भाषा जमेल तो डेस्कवर, नाही जमली तर रवानगी तळघरात, चादरी-टॉवेलांच्या स्टोअरमध्ये. बोलताना माझ्याकडेच बघत होते. केसांना कलप लावणारा डेस्कवर मी एकटाच आहे, म्हणून असेल. तळघरात खिडकी नाही. पाहुणाही येत नाही तिथे.
संकल्प: महिन्यात फ्रेंच. मग जर्मन. वर्षअखेर स्पॅनिशला हात घालायचा.
बायकोला सांगितलं. म्हणाली, आधी घरातली माणसं काय म्हणतात ते समजून घ्या. दुर्लक्ष केलं.

४ जून
क्लास सुरू. शिक्षिकाबाई माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. पहिल्याच दिवशी वाक्य दिलं: "माफ करा, मला समजलं नाही, सावकाश सांगाल का?" सगळ्यांनी घोकलं. मी नुसते ओठ हलवले. उभा जन्म डेस्कवर काढलेल्या माणसाने श्रीगणेशाच हार मानून करायचा? मी पुढच्या पानावरचं वाक्य पाठ केलं: "अर्थातच मॅडम, लगेच." काय रुबाब आहे.

९ जून, सकाळ
उच्चार फार सुंदर होत आहेत. बाथरूममध्ये विशेष. लेक दारावर थाप मारून म्हणाली, बाबा, प्रश्न तुम्हीच विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता, समोरचा भलतंच बोलला तर? मी आतूनच सांगितलं की हॉटेलात आलेला माणूस किल्ली, नाश्ता, वायफाय आणि टॅक्सी यापलीकडे काय बोलणार. तिला हॉटेल लाइनचा अनुभव नाही.

१३ जून
आजपासून हेडफोन लावून ऐकण्याचा सराव. गेलो नाही. डोकं जड होतं. शिवाय हेडफोनने भांग विस्कटतो. आणि ऐकायला कसला क्लास? कान जन्मापासून आहेत.

१४ जून
आजही डोकं जड.

१८ जून
परदेशी पाहुण्यांच्या रीतीभाती. काम सांगण्याआधी नमस्कार-चमत्कार झाला पाहिजे. आवाज चढवायचा नाही. इथपर्यंत ठीक. मग बाई म्हणाल्या, हातवाऱ्यांवर विसंबू नका, पुन्हा विचारा, खात्री करा. मला पटलं नाही. माणूस इथूनतिथून सारखाच. पोटावरून हात फिरवला की भूक, अंग चोळलं की थंडी. आणि पाहुण्याला तेच तेच विचारणं हा उद्धटपणा. बाई पुस्तकी आहेत.

२४ जून
परीक्षा. बोलण्यात मैदान मारलं. ऐकण्याच्या भागात टेप खराब असावी. बाकीच्यांना मात्र ती नीट ऐकू आली, हे एक आश्चर्य.
मॅनेजर नेमके माझ्या बोलण्याच्या वेळी आत आले आणि खूश झाले. नावाखाली लावायची "फ्रेंच" अशी पट्टी मला तिथल्या तिथे मिळाली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, घाई होतेय, यांना अजून समजत नाही. माझ्यासमोर. असो, माणसाला दुसऱ्याचं भलं बघवत नाही.
घरी पट्टी लावूनच जेवायला बसलो. बायको पट्टीकडे बघत होती. मग हळूच विचारलं, तुम्हाला खरंच येतं ना हो? मी म्हटलं, भाजी वाढ.

१ जुलै
ग्रुप आला. जवळजवळ सगळी म्हातारी मंडळी. पट्टी बघून सगळे माझ्याकडेच. बाकीचे तिघे माश्या मारत होते. एक गृहस्थ खूप वेळ काहीतरी सांगत राहिले. मी हसून "अर्थातच, लगेच" म्हटलं. समाधानाने गेले. काय सांगत होते कोण जाणे, पण ज्या अर्थी परत आले नाहीत त्या अर्थी काम झालं असणार.
रात्री छातीत थोडी धडधड. चहा जास्त झाला.

३ जुलै, संध्याकाळी
आज कामाचं चीज झालं. दुसऱ्या मजल्यावर नवऱ्यासोबत उतरलेल्या आजीबाई एकट्याच खाली आल्या. आधी मला नीट नमस्कार केला, मगच बोलायला लागल्या. आवाज अगदी खालचा, पण बोलणं भरभर. स्वतःचा डावा हात खांद्यापासून चोळून दाखवला. मग तोंड एका बाजूला वाकडं केलं. बिचाऱ्या गारठल्या होत्या. वर बोट दाखवत होत्या. म्हणजे नवराही गारठला असणार. आमचा एसी आहेच तसा.
मी म्हटलं, "अर्थातच मॅडम, लगेच." आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते. अशी सेवा त्यांना कुठे मिळाली नसावी. त्या वर जाऊन बसल्या आणि मी दोन जाड ब्लँकेटं पाठवली.

४ जुलै
काल माझी ड्यूटी संपल्यावर अँब्युलन्स आली होती म्हणे. आजींच्या नवऱ्याला. अर्धं अंग गेलं आहे. ब्लँकेट नेणारी बाई दारातूनच देऊन आली. आजी खोलीत वाट बघत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी शेजारची खोली ठोठावली. डॉक्टर म्हणाले, वेळ फार गेला.
आजी हॉस्पिटलात, म्हणून मॅनेजरांनी मलाच विचारलं, त्या तुमच्याशी काय बोलल्या? मी म्हटलं, ब्लँकेट मागितलं. स्पष्ट? स्पष्ट. आजपासून मदतीला बोलावलेल्या शिक्षिकाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कोणत्या शब्दांत? मी म्हटलं, गर्दी होती.

५ जुलै
थंडी वाजत असेल असं कुणालाही वाटलं असतं. खोलीत फोन आहे, तो उचलायचा. ओरडायचं. इतकं हळू का बोलायचं माणसाने? ग्रुपच्या गाइडने काय ते बघायला नको? एकट्या माझ्याच माथी का?
माझ्या माथी कुणी मारलेलं नाही. मीच लिहितोय.

८ जुलै
लेकीने विचारलं, बाबा, हॉटेलात काय झालं? तिच्यावर खेकसलो. ती न जेवता उठली. बायको म्हणाली, तुम्ही ती पट्टी काढून ठेवा. मी म्हटलं, काढली तर तळघर. ती म्हणाली, असू दे की तळघर. तिला काय कळतं? पण जेवण मलाही गेलं नाही. तोंड वाकडं करून दाखवणाऱ्या आजी डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

१२ जुलै
आजोबांना हॉस्पिटलातून आणून आज मायदेशी घेऊन गेले. चाकाच्या खुर्चीवर, मान एका बाजूला. आजी सामान तिथेच ठेवून सरळ माझ्याकडे आल्या. मला पळून जावंसं वाटलं. माझ्याविरुद्ध दोन शब्द बोलल्या तर सगळं संपलं.
त्यांनी नमस्कार केला. पुन्हा माझा हात धरला आणि बोलत राहिल्या. शिक्षिकाबाईंनी मला हळू आवाजात अर्थ सांगितला. आजी म्हणत होत्या, नवऱ्याचा हात उचलत नाही, तोंड वाकडं झालंय, डॉक्टर बोलवा, असं मी सांगितलं आणि या भल्या माणसाला ते एका क्षणात समजलं. "लगेच" म्हणाला. म्हणून तर मी निश्चिंत होऊन वर बसले. या शहरातले डॉक्टरच उशिरा येतात, त्याला हा काय करणार. याचे उपकार विसरणार नाही.
मॅनेजर लांबून बघत होते. आजी गेल्यावर जवळ येऊन विचारलं, काय म्हणाल्या? मी शिक्षिकाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, तुमच्याशी बोलल्यात, तुम्हीच सांगा.
मी सांगितलं, आभार मानत होत्या. मॅनेजरांनी पाठ थोपटली. पुढच्या सीझनलाही डेस्कवर मीच.
सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. दुपारी आणखी एक फ्रेंच बाई काउंटरशी आल्या, तेव्हा मी फोन आल्याचं दाखवून आतल्या खोलीत गेलो आणि त्या जाईपर्यंत बाहेर आलो नाही.