मुद्दाम डुगडुगणारं टेबल

१४ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. रीत म्हणून लिहिलाय. मी बरी आहे. कारखान्यात काम भरपूर, कपाटांची दारं बसवून बसवून खांदे भरून येतात. वहिनीला सांग, स्वेटर अंगाला नीट बसला.

कारखान्यासमोरच्या चौकात इथल्या पालिकेने एक लाकडी टेबल आणून ठेवलंय. बैलगाडीएवढं लांब, भोवती आठ खुर्च्या, आणि एक पाय आखूड. कुणी कोपर टेकलं की डुगडुगतं. लोक हसतात, फोटो काढतात. ही कला आहे म्हणे. जाता-येता माझं डोकं उठायचं. सुताराच्या मुलीला ते बघवेल का? आप्पा सांगायचे, टेबल डुगडुगलं तर आधी फरशी बघ, मग पाय. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पट्टी लावून फरशी तपासली. सपाट होती. मग एक पाचर तासून पायाखाली ठोकली. टेबल गप्प उभं राहिलं.

रखवालदार धावत आला. "बाई, काढा ते. मुद्दाम तसं ठेवलंय."

दादा, त्या भल्या माणसावर मी इतकी ओरडले की चौकात माणसं गोळा झाली. मुद्दाम कसं कुणी करतं, हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. खोलीवर आल्यावर लक्षात आलं, ते त्याच्यासाठी नव्हतंच.

आप्पा दहा आठवडे अंथरुणाला खिळले होते. दर रविवारी तू फोनवर सांगायचास, "आप्पा झोपलेत." मला सगळं उरकल्यावर कळवलंस. वर म्हणालास, "परक्या देशात तू एकटी, उगाच जिवाला घोर." माझ्या वतीने ठरवणारा तू कोण? आणि मीही एकदासुद्धा "उठव त्यांना" म्हटलं नाही. रविवारी मला बाजाराची घाई असायची. ते मला आतून खातंय, आणि त्याचाही राग तुझ्यावर काढतेय. काढू दे.

आता विचारतोस, आप्पांची हत्यारांची पेटी शेजारच्या सुताराला देऊन टाकू का. रंधा धरायला त्यांनी मला शिकवलं. मिस्त्री म्हणून हाक मारायचे ती मला, तुला नाही. मी तिकीट काढलंय, एकतीस तारखेला येतेय. तोवर पेटीची कडीसुद्धा काढू नकोस.

मी दारात आले की पाणी नंतर दे. आधी खरं सांग, शेवटी शेवटी त्यांनी मला हाक मारली होती का?

'तुझी' असं आज लिहवत नाही.

आप्पांची,
मिस्त्री