डोंगरावरची हाक

रविवार, १२ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनी खोड. समुद्र खवळल्यामुळे बोट आली नाही, म्हणून तुझं पत्र उशिरा मिळालं. जावईबापूंना सांग, रेडिओ छान चालतो. बातम्या मात्र तशाच वाईट.

काल डोंगरावर जाऊन आलो. टोकावरचं वारा मोजायचं यंत्र अडकलं होतं. मी निवृत्त झालो तरी हवामान केंद्रातला नवा माणूस मलाच गळ घालतो. डोंगराला वाट नाही, नुसते सुटे दगड आणि कमरेएवढं गवत. बघूनच त्याचं पोट दुखायला लागतं.

त्या चढावर तुझी आई आणि मी कधी एकामागून एक चाललो नाही. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला की थेट खालच्याच्या डोक्यात. म्हणून मी डावीकडून, ती उजवीकडून, मधे बरंच अंतर. धुकं आलं की मी ओरडायचो, "आहेस का?" ती म्हणायची, "आहे. जाते कुठे!"

काल मी डावीकडूनच चढलो. खरं तर उजवी बाजू सोपी आहे, गुडघ्याला तीच बरी पडली असती. यंत्रात समुद्राचं मीठ साचलं होतं. पुसलं, तेल घातलं, गरगर फिरायला लागलं.

उतरताना धुकं आलं. मी हाक मारली. उत्तर नाही. हाकेला ओ आली नाही तर जिथे आहोत तिथेच थांबायचं, हा आमचा नियम. खडकावर बसलो, डबा उघडला, झाकणात तिचा वाटा काढून ठेवला. वाऱ्याने गार व्हायला लागला, तसा चिडून ओरडलो, "आज वरच मुक्काम आहे का?"

आणि मग लक्षात आलं, की ती जाऊन वर्ष होत आलं.

रडलो, ठकू. चांगला हुंदके देऊन रडलो. मग तिचाही वाटा संपवला आणि सावकाश उतरलो.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, "बाबा, इकडे राहायला कधी येता?" मी दर वेळी गळक्या छपराचं निमित्त सांगतो. छप्पर कधीच दुरुस्त झालंय.

पुढच्या बोटीने येतो. मला कोपऱ्यातली खोली पुरे. तिथून मी अधूनमधून हाक मारीन. काम काही नसेल. धावत येऊ नकोस. बसल्या जागेवरून "आहे" म्हण, बास.

तुझा, वाट बघून दमलेला,
बाबा