उजवी पाकळी

नाही बाबा, तुमचं चुकलंच. सात वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आता मध्येच "गप्प बस" म्हणता येणार नाही, म्हणून आज मी पुरतं बोलणार आहे. "देव नसेल तर माणूस चांगला वागेल कशाला?" असं तुम्ही मला विचारलं होतंत. जेवताना, हातातला घास तसाच धरून. मी कॉलेजात जायला लागलो होतो आणि देव नाही असं पहिल्यांदाच घरात बोललो होतो. मी तेव्हा गप्प बसलो. तुम्हाला वाटलं पोराकडे उत्तर नाही. उत्तर होतं, बाबा. तीन वर्षं होतं माझ्याकडे.

बाहेरच्या खोलीत काका बसलेत, गावाहून आलेत. आईने देव्हाऱ्यापुढे ताटलीत पाणी आणि तगरीच्या दोन पाकळ्या ठेवल्यात. कौल लावायचाय. तुम्ही लावायचात तसाच, ओल्या पाकळ्या देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, डोळे मिटून प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न ताईचा आहे. तिचा नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेला, हे तुम्ही पाहिलंच नाहीत, बरं झालं. चार वर्षं ती या अंबरनाथच्या दोन खोल्यांत लोकांचे पापड लाटतेय. आता तिला मुंबईत नर्सिंगला जागा मिळालीय. उद्या हजर व्हायचंय, नाहीतर जागा गेली. काका म्हणतात, "परक्या बाप्यांची अंगं पुसायची? आपल्या धर्मात बसतं का हे?" आई म्हणते, "हे असते तर देवाला विचारलं असतं." मग तुमच्या जागी कोण, तर मी. देव न मानणारा मी.

तुम्ही म्हणाल, यात माझं काय चुकलं. सांगतो.

फाळणीनंतर इथल्या कॅम्पात सिंधी निर्वासित येऊन पडले ते वर्ष. तुम्ही तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर. मिलिटरीच्या बराकी, एकेका बराकीत दहा-दहा कुटुंबं, मध्ये गोणपाट टांगलेलं. शनिवारी शाळा सुटली की मी तुमच्याकडे यायचो आणि औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या कागदी पट्ट्या कापायचो. एकेक खाच म्हणजे एकेक डोस. एकदा माझ्या खाचा वेड्यावाकड्या झाल्या. तुम्ही पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली नि म्हणालात, "ही खाच मोठी, ही लहान. म्हणजे कुणाच्या तरी पोरीच्या पोटात सकाळी जास्त औषध आणि संध्याकाळी कमी. चालेल तुला?" आणि हातावर फूटपट्टी. बाबा, त्या बोलण्यात देव कुठे होता? पाप लागेल म्हणाला नाहीत, वरून कोणी बघतोय म्हणाला नाहीत. कुणाच्या तरी पोरीचं पोट म्हणालात. मला तेवढं पुरलं. आजही मी काही लिहिताना हात सैल सोडला की तीच पट्टी दिसते. (माझ्या गोष्टी मासिकवाले परत पाठवतात, "यांना शेवट नाही" म्हणून. असू दे.)

त्याच पावसाळ्यात, गणपतीला चार दिवस असताना, एक सिंधी म्हातारी आपल्या दारात उभी राहिली. मागे तिची सून, दिवस भरलेली, भिंतीला टेकून. म्हातारी हात जोडून म्हणाली, "साईं, बराक में पानी भर गया. बच्चा किधर जनेगी? आपका पीछे का कमरा खाली है. बस, चार दिन." आई आतूनच म्हणाली, "घ्या हो आत तिला, बाईमाणूस आहे." तुम्ही म्हणालात, "अगं, चौथ्या दिवशी गणपती बसायचाय. बाळंतिणीचा विटाळ. कौल लावतो."

मी घंटा घेऊन शेजारी उभा होतो. तेरा वर्षांचा. मी बघितलं. उजवी पाकळी तुम्ही पाण्यात बुडवून नीट निथळून लावलीत, घट्ट बसली. डावी नुसती पाण्याला टेकवलीत. बाबा, तुम्ही अर्ध्या थेंबाचा हिशेब चुकू न देणारा माणूस. ती पाकळी चुकून कोरडी राहिली हे मी मानत नाही. तुम्हाला नाही म्हणायचं होतं, आणि ते देवाच्या तोंडून हवं होतं.

तुम्ही डोळे मिटलेत. बाहेर ती पोरगी कण्हत होती. डावीची कड सुटायला लागली. मी घंटा खाली ठेवली, अंगठ्याने ती दाबून धरली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने उजवी उडवली. बस, एवढंच. तुम्ही डोळे उघडलेत, खाली पडलेली पाकळी बघितलीत आणि तुमचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला रडूच आलं. "देव हो म्हणाला," तुम्ही म्हणालात. मग तुम्हाला कोण थांबवणार! स्वतःची बाज दिलीत. सुईणीला बोलवायला चिखलातून धावत गेलात. ताईने पाणी आधीच तापवलेलं होतं, ती रात्रभर त्या पोरीचा हात धरून बसली. मुलगी झाली. गणपती त्या वर्षी शेजारच्यांकडे बसवलात. देवाने सांगितलं म्हणून देवालाच घराबाहेर काढलंत. आळीतले लोक हसले, तुम्ही त्यांच्याबरोबर हसलात.

आणि तीन वर्षांनी, जेवताना, तीच गोष्ट माझ्यावर फेकलीत. "देव नाही म्हणतोस? मग त्या बाईला आत कोणी घेतलं? मी परत धाडणार होतो. मला देवाने थांबवलं, तुझ्या कॉलेजाने नाही." त्या थंडीतच तुम्ही गेलात, त्या कौलावर भरवसा ठेवून.

तर हे माझं उत्तर. तुम्हाला कोणत्याही देवाने थांबवलं नाही. चिखलातून धावले ते तुमचे पाय. बाज दिलीत ती तुमची. हे सगळं तुमच्यात आधीपासून होतं, त्या कागदी पट्टीत होतं. तुम्हाला फक्त कोणाची तरी परवानगी लागत होती. आणि नाही म्हणायलाही तुम्ही त्याच देवाला पुढे केलं होतंत, हे विसरू नका. जो देव पाण्याच्या थेंबावर हो किंवा नाही म्हणतो, त्याच्यावर माणसाचा चांगुलपणा कसा उभा राहील, बाबा? सांगा ना.

पण आज सकाळी एक झालं. मी नळावर तोंड धूत होतो. ताई आली, हंडा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "लाव कौल. उजवी पाड. तुला जमतं."

मी नळ बंद केला. ती म्हणाली, "तेव्हा मी दारात होते रे. गरम पाणी घेऊन."

दहा वर्षं तिने तोंडातून शब्द काढला नाही! आणि तिचं म्हणणं सरळ आहे. एक पाकळी पडेल, काका गप्प, आई खूश, ताई उद्या हजर. कोणाचं वाईट होतंय? मी तसाच आतल्या खोलीत कागद घेऊन बसलो, तुमच्याशी भांडायला. कारण मला मोह झालाय. कोरडी कुठली ठेवायची हे मी ताटलीकडे बघून ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

नाही करणार. देवाच्या 'हो'वर ताई गेली, तर दिवाळीला काका पुन्हा दोन पाकळ्या आणतील आणि देव म्हणेल, परत ये. तेव्हा मी काय करू, पुन्हा अंगठा लावू?

आणि आता ते, जे मला लिहायचं नव्हतं. त्या दिवशी मी नुसतं म्हणू शकलो असतो, "बाबा, घ्या ना तिला आत." आई म्हणालीच होती. मी नाही म्हणालो. तुमची भीती वाटली. ज्या देवाला मी आज नाही म्हणतो, त्याच्याच मागे लपून बोललो, अगदी तुमच्यासारखा. तुम्ही त्याच्याकडून नाही मागवलंत, मी हो मागवलं. फरक तेवढाच.

हे पत्र देव्हाऱ्याखाली ठेवणार नाही, खिशात ठेवतोय. काका हाका मारतायत, "अरे, आंघोळ झाली का? देव थांबलाय!" ताईची ट्रंक दारामागे आहे. मी बाहेर जाणार, ताटलीतलं पाणी तुळशीत ओतणार आणि माझ्या तोंडाने सांगणार, "ताई जातेय. मी सांगतोय." आणि ट्रंक उचलून निघणार. तुम्ही काही म्हणू नका, बाबा. थांबलो तर पुन्हा तुमचंच ऐकेन.