सरूआक्काचा दम

प्रिय सरूआक्का,

तू होतीस तोवर तुला एक ओळ लिहिली नाही. लिहिणार कशी? तुला अक्षर येत नव्हतं, म्हणजे पत्र वाचून दाखवायला तिसरा माणूस आला. आणि मला जे सांगायचं होतं, ते तिसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानी जावं असं नव्हतं. आता ती अडचण उरली नाही. म्हणून भरदुपारी वखारीचं दार अर्धं लोटून बसलोय. गिऱ्हाईक आलं तर येऊ दे.

काल तुझा तेरावा झाला. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा रडलो, पण तेव्हा हादरलो नव्हतो. हादरलो काल, तुझ्या परसात, तुळशीपाशी.

सांगतो. पण आधीपासून सांगू दे.

लहानपणी तू मला खांद्यावर घेऊन भुशीच्या चढानं वर न्यायचीस, आठवतं? डोक्यावर मोळी, खांद्यावर मी, आणि तोंडानं तुझी बडबड चालू. धाप म्हणून लागायची नाही. जगात तुझ्याहून ताकदवान माणूस नाही, अशी माझी समजूत होती. ती पार अठराव्या वर्षापर्यंत टिकली. धरणाच्या कामापर्यंत.

धरणावर आपण दोघं एकाच टोळीत होतो. दाजी तेव्हा मुंबईला गोदीत. तू मातीच्या पाट्या वाहायचीस, गड्यांच्या बरोबरीनं, कधी दोन खेपा जास्तच. मी काटकुळा, मला हुतूतूला कुणी घ्यायचं नाही. पण माझे कान तिखट. दम घेऊन शिरलेल्या गड्याचा 'हुतूतू' कुठं तुटला, कुठं त्यानं चोरून श्वास ओढला, हे मला वीस हातांवरून कळायचं. म्हणून पोरांनी मला पंच करून टाकलं. खेळता येत नाही तर निदान ऐक, म्हणाले!

आणि गण्या आठवतो? पाणी वाटणारा गण्या. त्याला भरलेली पाटी पेलायची नाही म्हणून मुकादमानं त्याच्या हाती तांब्या दिला होता. तू त्याला जाता येता टोचायचीस. "गणपा, तांब्या जड हुतोय का रं? दे, मी धरते." तो बिचारा हसायचा.

त्या सुट्टीच्या दिवशी आपल्या टोळीचा एक गडी हिवतापानं झोपलेला. पलीकडच्या टोळीतून कुणीतरी ओरडलं, गडी संपले असतील तर बाया घाला! सगळे हसले. तू मात्र उठलीस, काष्टा आवळलास आणि म्हणालीस, "घालतो की."

कुरकुर झाली, मग ठरलं की बाईमाणसाला फक्त हातापायाला धरायचं, अंगाला नाही. तू पहिल्या शिरकावात एकाला मारलंस, दुसऱ्यात आणखी एकाला. तुझा तो दम! कुठं खाच नाही, कुठं ओढाताण नाही. मैदान गप्प झालं होतं. मला वाटलं, झालं, आता गड्यांची खैर नाही.

तिसऱ्या वेळी तुझ्यासमोर गण्या आला. त्यांचेही गडी कमी पडले म्हणून त्याला कोपऱ्यात उभा केलेला. तू त्याला हसत हसत टप्पल मारलीस आणि वळलीस. तो पडला, आणि पडता पडता त्यानं तुझा घोटा धरला. एका हातानं.

बाकीचे धरायला धावले नाहीत. दुसऱ्याच्या बायकोला धरायचं म्हणजे लाजले असतील, की गंमत बघत राहिले, देव जाणे. म्हणजे एका बाजूला तू आणि एका बाजूला गण्या. बस, एवढंच. आणि आक्का, तुला तो हात सोडवता येईना! तू लाथ झाडलीस, पालथी पडलीस, कोपरांवर सरपटत निघालीस. ज्याला भरलेली पाटी पेलायची नाही, तो माणूस नुसता पडून राहिला होता आणि तुला त्याचा एक हात सुटत नव्हता. मला माझ्या डोळ्यांचं खरं वाटेना. लोक आता मोठ्यानं हसत होते. तुझ्या तोंडात माती. रेघ एक वीत लांब. आणि तोंडातून 'हुतूतू' चालूच. ते मला स्वच्छ ऐकू येत होतं.

मी ओरडलो, "दम तुटला! मेली!"

तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. गण्यानं हात सोडला. तू उठलीस, पदर झाडलास आणि एवढंच विचारलंस, "म्हादू, तुटला?"

मी म्हणालो, "तुटला."

तू रेघेबाहेर जाऊन बसलीस.

मला तुझी कीव आली होती की तुझी लाज वाटली होती, हे मी तीस वर्षं स्वतःला विचारतोय. दोन्ही असेल. लोकांचं हसणं लवकर थांबावं, एवढं मात्र नक्की वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काय केलंस तेही आठवतं. पाणी प्यायला म्हणून गण्यापाशी गेलीस आणि त्याच्यापुढं हात धरलास. म्हणालीस, "दाब." तो लाजला. तू म्हणालीस, "अरं दाब की, तुझी आक्काच हाय." त्यानं दाबला. तू त्याच्या मनगटाशी आपलं मनगट लावून कितीतरी वेळ बघत होतीस. "काय खातुस रं तू?" तो म्हणाला, "भाकरीच की. कधी तुमीच देता त्यातली." यावर तू हसलीस, पण डोळ्यात हसू नव्हतं. मला म्हणालीस, "दम माजा मोठा. पाय माजा चपळ. पन पकडीला ह्येंचा हातच येगळा हाय, म्हादू. हे आदी कुनी सांगितलं न्हाई."

मुकादमानं मग थट्टेत तोड काढली, पुढच्या वेळी दहा बाया आणि सात गडी असं खेळा. तू त्याला ऐकवलंस, "दहाला सात म्हंजी डाव न्हवं, तमाशा. सातास सात. पन बायांस बाया." आणि माझ्याकडं वळून म्हणालीस, "ह्या चैतात जत्रंला आमचा डाव लाव." मी म्हणालो, लावतो.

त्या चैत्रात लावला नाही. पुढच्याही नाही. दोन-तीन वर्षं तू विचारलंस. मग विचारायचं सोडलंस, आणि मला वाटलं, विसरलीस. सुटलो!

कारण माझं तोवर चांगलं चाललं होतं ना. का चाललं होतं माहीत आहे? सख्ख्या बहिणीला बाद देणारा पंच! ही कीर्ती पार तळेगावापर्यंत गेली. गावोगावच्या जत्रांत मला बोलावणी येऊ लागली. त्या दिवशी खेळ बघायला रेल्वेचा एक मिस्त्री होता, त्यानं मला बोलावून घेतलं. घाट उतरायच्या आधी गाडी लोणावळ्याला थांबते, तेव्हा लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकत जायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा. त्याला कानाचा आणि खोटं न बोलणारा माणूस हवा होता. खोटं न बोलणारा! त्या नोकरीवर घर उभं राहिलं, मग ही वखार. लोक म्हणतात, म्हादबा स्वतःच्या बळावर वर आला. मी मान हलवतो. पायाशी काय पुरलंय ते मलाच ठाऊक, असं मी समजत होतो.

आता काल.

जेवणं आटोपली, माणसं पांगली. परसात सात-आठ बायका मात्र भांडी घासायचं निमित्त करून थांबलेल्या. त्यांची कुजबूज माझ्या कानावर आली. तुमच्या गावची ठकू म्हणत होती, "ते सगळं खरं, पन आता पंच कोन?"

मला वाटलं, घरात जमिनीचा काही तंटा निघाला. मोठेपणानं पुढं झालो आणि म्हणालो, काय तंटा असेल तो मला सांगा, मी बघतो. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी ठकू म्हणाली, "भाऊ, तंटा न्हाई. आमच्या डावाचा पंच म्हन्ते मी."

बारा वर्षं, आक्का! भात निघालं की बाजारच्या दिवशी, गडी लोणावळ्याला गेले की, तुझ्याच खाचरात, चुलीतल्या राखेनं रेघ ओढून, सातास सात! तुझे गुडघे गेल्यावर तू पंच! आणि ते सगळे गडी त्या वेळी कुठं असायचे? माझ्या वखारीत. इथं, या बाकड्यावर. बायका काय करतात म्हटलं की म्हणायचे, सरपणाला गेल्यात. मी पण मान हलवायचो.

त्याच बायका माझ्याकडं मोळ्या घेऊन यायच्या. ठकूचं कोपर फुटलेलं बघून मी एकदा विचारलं होतं. "करवंदीच्या जाळीत गेलते, भाऊ," म्हणाली होती. वर मी तिला हळद लावायला सांगितलं. लोखंडाच्या चाकातला केसाएवढा तडा ऐकणारा मी! बारा वर्षं चौदा बायकांचा हुतूतू मला ऐकू आला नाही. कसा येणार? मी ऐकायला कधी आलोच नव्हतो.

मी ठकूला विचारलं, आक्का माझ्याकडं का नाही आली? जत्रेतले खेळ माझ्याच हाताखाली असतात, एका शब्दाचं काम होतं. ठकू खाली बघून म्हणाली, "आमी म्हनायचो तिला. ती म्हनायची, त्यो व्हय म्हनंल आनि इसरंल."

हे ऐकून मी तुळशीच्या कट्ट्यावर बसलो. पण खरा घाव पुढंच होता.

मी म्हटलं, पंच कशी होती आक्का? ठकूचा चेहरा उजळला. "लय कडक. कान तुमच्यासारकंच तिखट. पोटची पोर आसली तरी दम तुटला म्हंजी तुटला. आनि न्हाई तुटला तर मानूस मातीत लोळूं द्या, रडूं द्या, ती तोंड उगडायची न्हाई. म्हनायची, पंचानं कीव करायची न्हाई. येकानं माजी कीव केली हुती, आनि माजा डाव मोडला. दम हुता माजा, म्हनायची."

मग माझ्याकडं बघत तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "कोन हुता ओ त्यो मेला, भाऊ? तुमाला ठावं आसंल."

तुझे कान माझ्यासारखेच, हे मला कसं सुचलं नाही गं? एकाच आईची आपण! त्या दिवशी "तुटला?" विचारलंस ते विचारणं नव्हतंच. तू मला परत फिरायला जागा करून दिली होतीस. मी फिरलो नाही. आणि तू माझं नाव तीस वर्षं कुणाला सांगितलं नाहीस. माझं पोट त्या नावावर आहे म्हणून? की हा सांगेल कधीतरी, असं वाटत होतं?

ठकूला मी काल उत्तर दिलं नाही. पाणी मागितलं आणि उठलो.

एक गोष्ट तुझ्याशी खरी बोलतो. तू रेघेला पोचली असतीस का? नसतीस. गण्याचा हात सुटत नव्हता. घटकाभरात दम आपोआप संपला असता आणि तू हरली असतीस. पण ते हरणं तुझं असतं, चारचौघांत, नियमानं. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. आणि गड्यांच्या हाताशी तुझा हात जुळत नाही हे कळल्यावर तू रडगाणं गायली नाहीस, की फुकटच्या तीन जास्तीच्या बाया घेतल्या नाहीस. सारख्याला सारखं मागितलंस. तेही दिलं नाही. मग तू माझ्याशिवाय घेतलंस.

चैत्राला तीन आठवडे आहेत. आता ऐक, या खेपेला विसरणार नाही. देवाच्या माळावर, गड्यांच्या कुस्त्यांच्या आधी, उजेड चांगला असताना, बायांचा डाव लागेल. सातास सात. रेघ राखेचीच ओढू, तुमच्या पद्धतीनं. कुणी म्हणालंच की एवढ्या पटाईत आहेत तर गड्यांशी खेळून दाखवा, तर त्याला मी गण्याची गोष्ट सांगीन. सगळी सांगीन, लपवून नाही.

पंच मी नाही. ठकूचे कान बरे आहेत, असं तूच म्हणायचीस म्हणे. शिट्टी तिच्या हातात देईन. आणि देण्याआधी माळावर उभा राहून, तळेगावापासून आलेल्या सगळ्यांच्या देखत, तिच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर देईन. त्या दिवशी आक्काचा दम तुटला नव्हता. पंच खोटं बोलला. ठकू, तू विचारत होतीस तो मेला मी.

ऐकशील ना? तुझे कान तिखट आहेत.

तुझ्या खांद्यावरचा,
म्हादू