आकडा १८०, भोक २१०

१४ मार्च १९६६, सोमवार

आज शेवटी सिक्स्टेनच्या गाडीचा कार्ब्युरेटर उघडला. ज्या अपघातात तो गेला त्याला पाच आठवडे झाले, हात लावायची हिंमतच होत नव्हती. हवेच्या जेटवर, म्हणजे भोकाच्या पितळी तोटीवर, भोकाच्या मापाचा आकडा १८०. मोजलं — भोक २१०!

हे भोक मीच मोठं केलंय. डिसेंबरात, प्रयोग म्हणून, दोन जेटांचं. आमच्या वर्कशॉपचा नियम एकच: भोक वाढवलं की जुना आकडा कानशीनं घासून टाकायचा. मी घासला नाही. कॉफीची हाक आली, जेट खणात टाकले आणि विसरलो. सिक्स्टेननं आकडा वाचून बसवला असणार. माझ्या बहिणीचा, हेदविगचा, नवरा तो. माझ्या खणातली वस्तू तो कशाला मोजेल?

१५ मार्च

चाचणीच्या स्टँडवरच्या इंजिनाला तोच कार्ब्युरेटर लावला. खऱ्या १८० वर काचेच्या नळीतलं पेट्रोल बावीस सेकंदांत संपलं. माझ्या जेटवर पंचवीस. हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग पांढरेफटक! असं इंजिन लांब चढणीवर तापणार, पिस्टन अडकून बसणार, चाकं जाम होणार. पुढे जंगलातलं वळण.

तीनदा केलं. तिन्ही वेळा पंचवीसच.

१६ मार्च

वर्कशॉपात शिरताना सिक्स्टेन शीळ घालायचा. आज इंजिन बंद केल्यावर ऐकू आली. दोनदा मागे वळून पाहिलं. अशानं वेड लागेल मला.

१८ मार्च

मालकांना, बिर्गरना, सांगून टाकलं. त्यांनी हातातला बन बशीत ठेवला. मग म्हणाले, गेलेला माणूस परत येणार आहे का? हेदविगच्या जखमेवर मीठ कशाला चोळतोस? मला हायसं वाटलं. त्याचीच लाज वाटतेय.

२० मार्च, रविवार

हेदविगकडे जेवायला. पुढच्या रविवारच्या शर्यतीत ती स्वतः उतरणार म्हणे! सिक्स्टेनची जुनी गाडी घेऊन. त्यानं तिच्यासाठी कार्ब्युरेटर आधीच तयार करून ठेवला होता. बटाटा ताटात तसाच टाकून उठलो.

घरी न जाता वर्कशॉपात गेलो. खण उपसला. मोठं केलेला दुसरा जेट नाही. म्हणजे तो तिच्या कार्ब्युरेटरात.

२२ मार्च

सांगायचंच म्हणून तिच्या दारापर्यंत गेलो. बेल न वाजवता परत आलो. भित्रा कुठला!

२६ मार्च, शनिवार

ती दुकानात गेलेली पाहून तिच्या गॅरेजात शिरलो. गुपचूप जेट बदलायचा, म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. कार्ब्युरेटर उघडला. आत नवा कोरा जेट. मोजला — बरोबर १८०. माझा मोठ्या भोकाचा जेट शेजारच्या फळीवर पडला होता. आकडा कानशीनं साफ घासलेला.

दारात हेदविग उभी होती, पिशवी हातातच.

"तुझा हा जेट त्याला पुरायच्या आधीच मोजला होता मी, एवर्ट," ती म्हणाली. "तू कधी सांगतोस, तेवढंच बघत होते."